गाव कोनतं म्हनलं?

अस्वलाला त्याचं गाव विचारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या शेजारी राहतो. आणि अस्वलानं त्याला गाव सांगितलंसुद्धा. हे वाचून तुम्हाला जेवढा धक्का बसला असेल, तेवढा मला सोमाकाकाजींमुळे येताजाता बसत असतो, म्हणून अस्वलाकडे आपण सावकाश येऊ.

पहिला धक्का लग्नाच्या दिवशीचाच. मी नागपूरची. नवी नवरी म्हणून अड्याळला गाडीतून उतरले, मुंडावळ्या डोळ्यांवर आलेल्या, काही दिसत नव्हतं. तेवढ्यात खांद्यावर दुपट्टा टाकलेला एक उंच म्हातारा माझ्यासमोर उभा राहिला.

"सूनबाई, गाव कोनतं म्हनलं?"

"नागपूर."

"नागपूर गाव नोहोय. त्याच्या आंधीचं सांग."

आजोबा मोहाडीकडचे होते, ते मी घाबरून सांगितलं. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "मोहाडी? आमचा ढवळ्या बैल मोहाडीच्याच बजारातून आनला होता. मंग तू परकी कायची?" झालं. लग्नाच्या दिवशी, भर मांडवात, मी बैलाच्या माहेरची ठरले. घरात पाऊल टाकायच्या आधी गावभर तीच ओळख पोचली होती.

सोमाकाकाजी तुमसरच्या राइस मिलमध्ये मुकादम होते. आता घरी असतात. मूलबाळ नाही, आणि त्यांची बायको, शांताबाई काकीजी, मी या घरात येण्याच्या आधीच गेल्या. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं आहे. घरात एकटा माणूस, पण गल्लीत पाय ठेवला की जो दिसेल त्याला तो प्रश्न. मीटर वाचायला आलेला, लसीकरणाची नर्स, चुकून आमच्या गल्लीत शिरलेला फर्निचरवाला, कोणीही. जात विचारत नाहीत, काम विचारत नाहीत. आधी गाव. मग त्या गावाशी काहीतरी नातं काढायचं, विहिरीचं, बैलाचं, जत्रेत हरवलेल्या छत्रीचं. नाहीच निघालं तर म्हणायचं, "नाही कसं? इतले जवर जवर गावं हायेत." आणि शेवटी, न चुकता, "मंडईले येजो."

ही मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. भंडाऱ्याकडच्या आमच्या झाडीपट्टीत भाऊबीज झाली की एकेका गावाची मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. ज्याच्या ओट्यासमोर चपलांचा ढीग मोठा, त्याची त्या दिवशी मान ताठ. काकाजी त्या दिवशी सकाळीच चुलीवर मोठा गंज चढवतात. वीसेक माणसांचा भात, वांग्याची भाजी, वडे. ओट्यावर सतरंजी, बाहेर पाण्याची बादली आणि तांब्या. "यंदा घर भरन," म्हणतात.

लग्न झाल्यापासून त्या ओट्यासमोर मी पाहुण्याची एक चप्पल पाहिलेली नाही. संध्याकाळी सगळी वांग्याची भाजी आमच्याकडे येते आणि आम्ही ती दुसऱ्या दिवशीपर्यंत खातो. काकाजी गंज घासून पालथा घालतात आणि दुसऱ्याच दिवशी पुढच्या मंडईची आमंत्रणं सुरू करतात.

तर या उन्हाळ्यात स्वरानं, म्हणजे आमच्या लेकीनं, थीम पार्कचा हट्ट धरला. नागपूरच्या पलीकडे हायवेवर ते झालं आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, उलटे फिरणारे पाळणे, आणि लाल जॅकेट घातलेलं एक भलंमोठं अस्वल, जे मुलांसोबत फोटो काढतं. काकाजी आले तरच जायचं, हेही तिनंच ठरवलं, कारण शाळा सुटली की ती आमच्यापेक्षा त्यांच्याच घरात जास्त असते. प्रशांतनं, माझ्या नवऱ्यानं, तीन दिवसांसाठी भाड्याची गाडी सांगितली आणि पार्कपासून बरंच दूर एक स्वस्तातलं लॉज घेतलं. गाडी आहे म्हटल्यावर दूर काय आणि जवळ काय. हे वाक्य त्याचं आहे, माझं नाही.

निघायच्या सकाळी गाडीचा हॉर्न ऐकला. मी पाण्याच्या बाटल्या भरून, बॅगा उचलून बाहेर आले, तर काकाजी गल्लीच्या टोकाकडे बघत हात हलवत होते आणि आमची गाडी वळणावरून दिसेनाशी होत होती.

"काकाजी, गाडी कुठं गेली?"

"आसगावले."

"आसगावले कायले?"

"पोरगा आसगावचा हाय. त्याच्या बहिनीचं साक्षगंध हाय आज. घरी पाव्हने येऊन राहिले, अन् हा तुमाले झुले दाखवाले चालला होता. म्या म्हनलं, जाय बापू घरी."

मी बॅगांवरच बसले. ड्रायव्हर दारात येऊन पाच मिनिटं झाली नव्हती आणि तेवढ्यात यांनी त्याचं गाव, बहीण, तिचा साखरपुडा सगळं काढून त्याला परत पाठवूनही दिलं होतं. प्रशांतनं दुसऱ्या गाडीसाठी फोनवर फोन केले, पण लग्नसराई होती, सगळ्या गाड्या वरातींना लागलेल्या. स्वरा रडायच्या बेतात आली.

"आता जायचं कसं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"काहून? एसटी नाही का?" काकाजींनी माझी मोठी बॅग उचलली आणि ते चालायलाही लागले.

भंडाऱ्याच्या एसटीत मी त्यांच्याशी अबोला धरला. त्यांना त्याचा पत्ता लागला नाही, कारण ते पुढच्या सीटवरच्या बाईला तिचं गाव विचारत होते. मग केव्हातरी माझ्याकडे वळून म्हणाले, "भाड्याच्या गाडीचे काच बंद राह्यते सूनबाई. अंदर आपनच आपन. गाव कोनाले इचारू? डायवरले एकदा इचारलं का संपलं." मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर ऊन असं होतं की डांबर चकाकत होतं.

भंडाऱ्याला बस बदलून नागपूरला स्टँडवर उतरलो तर कळलं, पार्कच्या बाजूची बस नुकतीच गेली आणि पुढची कधी ते कोणाला ठाऊक नव्हतं. प्रशांत मोबाइलवर गाडी शोधू लागला. मोबाइलवर एक गोल नुसता फिरत होता. काकाजी "आलोच" म्हणून गेले, आणि परत आले ते एका सजवलेल्या बसच्या दारात लटकून.

"चला चला, जागा हाय."

मी चढले आणि थबकले. सगळ्यांच्या डोक्यावर फेटे. पुढे नवरदेव बाशिंग बांधून बसलेला. मागून एक आजीबाई डोळे बारीक करून म्हणाल्या, "तुमी कोनाकडचे वं?"

"नवरीकडचे," काकाजी म्हणाले.

बस नवरदेवाकडची होती, पार्कच्या पुढच्या मंगल कार्यालयाकडे निघालेली. सगळी बस आमच्याकडे वळून बघू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. प्रशांत तर गळ्यातला टॉवेल तोंडावर ओढून झोपेचं सोंग घेता येईल का ते बघत होता. पण काकाजींचा चेहरा तसाच. "नवरी साकोलीची हाय ना? साकोलीचा मंडपवाला आमच्या अड्याळच्या लग्नात आला होता. त्याचा पंखा आजून माह्या घरी हाय. मंग मी नवरीकडचाच झालो का नाही?"

मग नवरदेवाचा बाप असा हसला की त्याचा फेटा सुटला. आम्हाला सीटा मिळाल्या, स्वराला बुंदीचे लाडू मिळाले, आणि पार्कच्या गेटवर वरातीची बस खास थांबवून नवरदेवाच्या चुलत्यानं आमच्या बॅगा खाली दिल्या. काकाजींनी अख्ख्या वरातीला मंडईचं आमंत्रण दिलं. ते स्वतः मोबाइल वापरत नाहीत, म्हणून नंबर प्रशांतचा सांगितला.

आता अस्वल.

ते गेटच्या आत उभं होतं. केसाळ, लाल जॅकेट, डोकं एवढं की माणूस कोणत्या फटीतून बघतो ते कळू नये. मुलं आली की ते दोन्ही हात डोक्यावर नेऊन आधी डावीकडे, मग उजवीकडे असं डुलायचं. स्वरानं फोटो काढला. मी काढला. आणि काकाजी पुढे होऊन अस्वलाच्या समोर उभे राहिले.

"गाव कोनतं म्हनलं गा?"

अस्वलानं मान हलवली. नाही.

"नाही कसं? गाव त राह्यतेच."

"काकाजी, ते अस्वल आहे," मी दातांवर दात ठेवून म्हणाले. मागे रांग लागली होती. कोणीतरी मोबाइल वर धरून हा सगळा प्रकार टिपत होतं.

"अस्वलाच्या आंधी मानूसच हाय ना सूनबाई. मुका हायेस का गा?"

अस्वल थोडं वाकलं. आणि त्या केसाळ डोक्याच्या आतून, विहिरीतून यावा तसा, बारीक आवाज आला. "लाखांदूरकडचा आहो काकाजी. बोलाचं नाही असा नियम हाय. बोललो का काम जाते."

मी अक्षरशः दोन पावलं मागे सरले. अस्वलाला भंडारा जिल्ह्याची बोली येत होती. काकाजींना मात्र काडीचं आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी अस्वलाचा पंजा हातात घेतला, तो दाबून पाहिला आणि मग त्यांचा चेहरा बदलला. "आंग भट्टीवानी तपून राहिलं याचं," ते म्हणाले, आणि अस्वलाला हाताला धरून चालवत, शेकडो लोकांच्या देखत, झाडाखालच्या बाकावर नेऊन बसवलं. एक सुपरवायझर धावत आला. काकाजींनी त्याला सांगितलं, "अस्वलाले चक्कर येऊन राहिली. सावलीत बसू द्या," आणि त्याच दमात त्याचंही गाव विचारलं. सुपरवायझर वर्ध्याकडचा निघाला आणि पुढची दहा मिनिटं गप्पांत अडकला. डोकं काढायला परवानगी नव्हती, म्हणून काकाजींनी आमची पाण्याची बाटली अस्वलाच्या जबड्यातून आत सरकवली. आतून घटाघट आवाज आला. बाजूला एक छोटा मुलगा घाबरून आईला बिलगला होता.

बाटली रिकामी झाल्यावर काकाजींनी ती परत ओढून घेतली. "दिवाळीनंतर अड्याळच्या मंडईले येजो," ते म्हणाले. "बायको-लेकराले घेऊन येजो. तिथं तोंड झाकाचं काम नाही." दोन्ही हात डोक्यावर नेऊन अस्वल डावी-उजवीकडे डुललं आणि रांगेकडे परत गेलं.

माझा समज होता की त्या दिवसाचे धक्के इथे संपले. पण पार्कमध्ये फिरणारी लहान मुलांची आगगाडी काकाजींनी, गावाबाहेर एसटी थांबवावी तशी, रुळाच्या बाजूला उभं राहून हात दाखवून थांबवली. आणि ती थांबली. मग ते दिवसभर त्याच गाडीत बसून फिरले, कारण त्या गाडीत माणसं समोरासमोर बसतात. एकाही पाळण्यात गेले नाहीत. "तेथं लोकं निरे बोंबलते, बोलत कोनी नाही," म्हणाले.

पार्क सुटल्यावर लोक भराभर आपापल्या गाड्यांत बसून गेले. पार्किंग रिकामं झालं. लॉज दूर, रस्त्यावर एक रिक्षा नाही. प्रशांत पुन्हा मोबाइलमधल्या गोलाकडे बघत होता. मी आता काकाजींना काय काय बोलायचं याची मनात जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात मागच्या गेटमधून एक जुनाट बस आली. आत पार्कात झाडलोट करणाऱ्या बायका बसलेल्या. आणि ड्रायव्हरच्या शेजारी, दुपट्टा खिडकीबाहेर उडवत, काकाजी.

पुढचे दोन दिवस आम्ही त्याच बसनं गेलो-आलो. सकाळी ती लॉजच्या दारात येऊन उभी राहायची आणि एखादी बाई खाली उतरून स्वराला उचलून घ्यायची. एकीनं मला पोह्यांचा डबा दिला. एकीनं, मी मागितलेलं नसताना, तिच्या सासूच्या दम्याची सगळी हकीकत सांगितली. मी थीम पार्कच्या सहलीला आले होते, आणि तिसऱ्या दिवशी निरोप घेताना चार बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. असं कोणाच्या सहलीत होतं, मला ठाऊक नाही. गाडी हवी होती, असं मात्र मी तरीही म्हणत राहिले. परतीच्या एसटीतसुद्धा म्हटलं.

मग पावसाळाभर प्रशांतचा फोन वाजत राहिला. वरातीतल्या चुलत्याला मुलगा झाला, वर्ध्याच्या सुपरवायझरची बदली झाली, आसगावच्या ड्रायव्हरच्या बहिणीची लग्नाची तारीख ठरली. सगळे "काकाजीले द्या" म्हणायचे. मग काकाजी फोन कानाला उलटा धरून मोठ्यानं ओरडायचे, "मंडईले येजा."

मंडई उजाडली. गल्लीत सकाळपासून पाहुण्यांची रीघ. आमच्याकडे माझे दीर-जावा, नणंदा, त्यांची पोरं. पलीकडे काकाजींच्या चुलीवर गंज चढला होता आणि त्यांनी या वेळी दोन सतरंज्या अंथरल्या होत्या. मी वडे तळता तळता सासूबाईंना म्हणाले, "आई, काकाजींना कोणी सांगत कसं नाही? बसमध्ये भेटलेली माणसं कोणाच्या मंडईला येत नाहीत. एवढे बोलके, म्हणून लोक हो म्हणतात इतकंच."

सासूबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं. "सोमाभाऊजी बोलके? अवं, हा मानूस कधी तोंड उघडे का? मुक्यावानी राहे. एसटीत खिडकीले डोकं लावून बसे, अन् शांताबाई साऱ्या बसले इचारे, गाव कोनतं म्हनलं? गाव कोनतं म्हनलं? ते बोलनं तिचं हाय. नाते तिनं जोडले, पाव्हने तिचे येत. ओटा पुरे नाही मंडईले. भाऊजी निरे हसत बसत, पाव्हन्याच्या पायावर पानी टाकत. शांताबाई गेली, मंग एक-दोन साल लोकं आले. मंग कोनासाठी येतीन? तवापासून हे असे इचाराले लागले."

या माणसानं मला आजवर जेवढे धक्के दिले, त्यात हा सगळ्यात मोठा होता, आणि तो देताना तो जवळ नव्हताही. तेलात वडा जळून काळा झाला तरी मला तो काढायचं सुचलं नाही. बैल, छत्री, मंडपवाल्याचा पंखा. तिच्यासारखं जमावं म्हणून मुका माणूस नाती शोधत फिरत होता, आणि त्याला ती नीट काढतासुद्धा येत नव्हती. मला फार वाईट वाटलं.

दुपार टळली. सगळ्या ओट्यांसमोर चपलांचे ढीग पडले होते. काकाजींच्या ओट्यासमोर पाण्याची बादली आणि झाकलेला तांब्या. ते धुतलेलं धोतर नेसून बसले होते. मी जेवायला बोलवायला गेले.

"जरा थांबतो सूनबाई. लांबून येनारे हायेत. गाडी लेट असन."

मी तिथेच बसले. स्वरा येऊन त्यांच्या मांडीला टेकली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी तिघं जण उभे दिसले. एक किरकोळ बांध्याचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा पुडा. बाजूला बायको आणि तिचा हात धरलेली लहान मुलगी. तिघांच्या अंगावर प्रवासाची धूळ. माणूस एकेका घराकडे बघत बघत पुढे आला आणि आमच्यासमोर थांबला. ओळखीचा नव्हता. आम्ही त्याला आधी कुठे पाहिलेलं नव्हतं.

मी काकाजींकडे पाहिलं. ते उठून उभे राहिले होते. ज्या माणसानं अस्वलाला सोडलं नाही, त्याच्या तोंडून आता शब्द निघेना. ओठ हलत होते, पण आवाज नाही. हात नुसता दुपट्ट्याचं टोक चाचपत होता. खरंच मुका माणूस. मी तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

म्हणून मीच विचारलं. "दादा, गाव कोणतं म्हटलं?"

"लाखांदूर," तो म्हणाला. मग आम्हाला काही कळलं नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं मिठाईचा पुडा बायकोकडे दिला, भर गल्लीत दोन्ही हात डोक्यावर नेले आणि तो आधी डावीकडे, मग उजवीकडे डुलला.

"अस्वल आलं," स्वरा हळूच म्हणाली.

काकाजी पायऱ्या उतरले. त्यांनी तांब्या उचलला आणि पाहुण्याच्या पायांवर पाणी घातलं, मग त्याच्या बायकोच्या, मग त्या लहान मुलीच्या. तिघांच्या चपला त्यांनी ओट्यासमोर ओळीनं मांडून ठेवल्या. मग दाराकडे तोंड करून, आतल्या रिकाम्या घराला, मोठ्यानं हाक मारली.

"अवं, पाव्हने आले. पानं वाढ."

हाक मारून झाल्यावर ते तसेच उभे राहिले. त्यांचं त्यांनाच ऐकू आलं होतं. गल्लीत कुठेतरी पिपाणी वाजत होती.

"हो, वाढते," मी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, ओढणी कमरेला खोचली आणि त्यांच्या घरात शिरले.